कोंबड्यांच्या कळपातील व मांसातील रोगकारक जीवाणूंची तपासणी

कोंबड्यांचे कळप, त्यांच्या शेड आणि कत्तलीनंतरचे मांस यांत सॅल्मोनेला, कँपिलोबॅक्टर यांसारखे जीवाणू आहेत की नाहीत, असल्यास कोणत्या प्रकारचे व किती, हे ठरविण्याच्या पद्धतींचा समावेश या विषयात होतो. यात दोन वेगळे हेतू एकत्र आले आहेत : पक्ष्यांना मारणारे जंतू शोधणे आणि पक्ष्यांना फारसा त्रास न देता माणसाला आजारी पाडणारे जंतू शोधणे. यांपैकी पहिला हेतू जुना आहे. त्यासाठी घडलेली साधने दुसऱ्या कामी अपुरी पडतात आणि याच्या उलटही घडते.

सॅल्मोनेला हे प्रजातिनाम अमेरिकन पशुवैद्य डॅनियल एल्मर सॅमन यांच्यावरून पडले असले, तरी 1885–86 च्या सुमारास डुकरांपासून हा जंतू प्रत्यक्ष वेगळा केला तो त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थीओबाल्ड स्मिथ यांनी, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. सॅमन प्रयोगशाळेचे प्रमुख असल्याने श्रेय त्यांच्या नावे गेले. शिवाय हा जंतू ज्या डुक्कर-पटकीचे कारण म्हणून जाहीर झाला, तो रोग विषाणुजन्य असल्याचे पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले. प्रजातीला हे नाव 1900 मध्ये लिन्येर यांनी दिले. कोंबड्यांपुरते पाहता, क्लाइन यांनी इंग्लंडमध्ये 1889 मध्ये वर्णिलेला कुक्कुट-विषमज्वर आणि रेटगर यांनी अमेरिकेत 1899–1900 च्या सुमारास पिल्लांत नोंदविलेली पांढरी हगवण (पुलोरम रोग) हे दोन टप्पे महत्त्वाचे होत. या दोन रोगांचे जंतू स्वतंत्र जाती मानावेत की एकाच जंतूचे दोन प्रकार, हा वाद दीर्घकाळ चालला. दोहोंचे शरीर-प्रतिजन (जंतूच्या पृष्ठभागावरील, प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात असे घटक) सारखेच असून रक्तरस चाचणीने (प्रतिपिंडांच्या साहाय्याने करावयाच्या चाचणीने) ते वेगळे ओळखता येत नाहीत. भेद दिसतो तो मुख्यतः जीवरासायनिक कसोट्यांत. पुलोरम जंतू ऑर्निथीन या अॅमिनो अम्लाचे विघटन करतो व डल्सिटॉल शर्करा आंबवत नाही, तर गॅलिनेरम जंतूचे (कुक्कुट-विषमज्वराच्या जंतूचे) वर्तन नेमके उलट असते. आजच्या वर्गीकरणात त्यांना एकाच रक्तरसप्रकाराचे (प्रतिजनांवरून ठरणाऱ्या उपप्रकाराचे) दोन जैवप्रकार (जीवरासायनिक वर्तनावरून ठरणारे प्रकार) मानण्याकडे कल असून तेच अधिक ग्राह्य वाटते.

पुलोरम रोग अंड्यातून पिल्लांत उतरतो, म्हणून वरून धडधाकट दिसणारी वाहक कोंबडी शोधणे हाच त्यावरील उपाय ठरला. 1913 मध्ये जोन्स यांनी यासाठी नलिका-समूहन चाचणी (प्रतिपिंडांमुळे जंतूंच्या गुठळ्या होतात का हे नळीत पाहण्याची चाचणी) वापरली आणि 1931 मध्ये शॅफर, मॅकडोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी रंगीत प्रतिजनाची (रंगविलेल्या मृत जंतूंच्या द्रवाची) जलद चाचणी मांडली. पक्ष्याच्या पंखाखालची शीर टोचून आलेला रक्ताचा थेंब पांढऱ्या फरशीवर किंवा काचेवर जांभळट प्रतिजनाच्या थेंबात मिसळतात व फरशी हलकेच झुलवतात. प्रतिपिंडे असतील तर 2 मिनिटांच्या आत मिश्रणात बारीक जांभळ्या गुठळ्या दिसू लागतात व मधला द्रव निवळतो. ही चाचणी शेडमध्येच उरकत असल्याने 1935 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेला ती विशेष उपयोगी पडली. मात्र तिच्या मर्यादा दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. साधारणपणे 4 महिन्यांखालील पक्ष्यांत ती भरवशाची नसते आणि टर्कीत खोटे होकार देते. एंटेरिटिडिस या रक्तरसप्रकाराचे काही प्रतिजन पुलोरमशी जुळत असल्यामुळे त्याचा संसर्ग वा लस झालेल्या कोंबड्याही गुठळ्या दाखवतात. म्हणून होकार आलेल्या पक्ष्याच्या अवयवांतून जंतू वाढवून पाहिल्याखेरीज निदान पक्के धरत नाहीत.

माणसाला बाधणाऱ्या सॅल्मोनेलांसाठी एकेक पक्षी न तपासता संपूर्ण शेड तपासतात. बुटांवर ओलसर शोषक मोजे चढवून लिटरवरून (शेडमधील भुसा-तुसाच्या अंथरणावरून) ठरावीक अंतर चालणे ही पद्धत युरोपात मांसल कोंबड्यांसाठी रूढ आहे. तेथे कत्तलीपूर्वीच्या 3 आठवड्यांत असे नमुने घ्यावे लागतात. हजारो पक्ष्यांच्या विष्ठेचा संपर्क अशा एका नमुन्यात येतो. याउलट सुटे पक्षी निवडले, तर 5 टक्के पक्षी बाधित असलेल्या मोठ्या कळपात किमान एक बाधित पक्षी हाती लागण्याची 95 टक्के शक्यता मिळविण्यासाठी सुमारे 60 पक्षी घ्यावे लागतात, तेही चाचणी अचूक आहे असे धरून.

नमुना प्रथम बफर केलेल्या पेप्टोन द्रवात सुमारे 18 तास ठेवतात, जेणेकरून वाळलेले व दुखावलेले जंतू सावरतात. मांसाच्या 25 ग्रॅम नमुन्याला 225 मिलि. द्रव हे प्रमाण रूढ आहे. त्यानंतर इतर जंतूंना दडपणाऱ्या निवडक माध्यमात वाढ करून एक्सएलडी आगरावर (जंतू वाढविण्याच्या एका घट्ट माध्यमावर) काळ्या केंद्राच्या तांबूस वसाहती (जंतूंचे पुंजके) शोधतात. विष्ठा व लिटर यांच्या नमुन्यांसाठी अर्धघन माध्यम वापरतात. त्यावर ठेवलेल्या थेंबाभोवती 41.5° से. तापमानात 24 ते 48 तासांत करडे-पांढरे धुरकट वलय पसरले, तर तेथे पोहून गेलेला सॅल्मोनेला असण्याचा संभव असतो. आता पुलोरम व गॅलिनेरम हे दोन्ही जंतू अचल आहेत. ते पोहतच नाहीत आणि या माध्यमावर वलय करीत नाहीत. त्यामुळे अशा अहवालात ‘सॅल्मोनेला आढळला नाही’ असे लिहिलेले असले, तरी कळप पांढऱ्या हगवणीपासून मुक्त आहे असा अर्थ त्यातून काढता येत नाही. अहवाल वाचताना ही बाब वारंवार नजरेतून सुटते.

कँपिलोबॅक्टरचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. एशेरिख यांनी 1886 मध्ये अर्भकांच्या आतड्यात पाहिलेले नागमोडी जंतू हेच असावेत असे मानले जाते, पण त्यांना ते वाढविता आले नाहीत. प्रजातिनाम 1963 मध्ये सेबाल्ड व व्हेराँ यांनी दिले, आणि 1977 मध्ये स्किरो यांनी प्रतिजैविकयुक्त निवडक माध्यम मांडल्यावर नेहमीच्या प्रयोगशाळांना हा जंतू शोधणे शक्य झाले. त्याला सुमारे 42° से. तापमान व केवळ 5 टक्के ऑक्सिजन असलेले वातावरण लागते. कोंबडीच्या उंडुकातील (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतील) 1 ग्रॅम द्रव्यात तो 10 लाख ते 10 कोटी इतका असूनही पक्षी सहसा निरोगी दिसतो. पिल्ले बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर बाधित होतात, त्यामुळे लवकर घेतलेला नमुना फसवा ठरतो. गोठविल्याने, वाळल्याने व हवेतील ऑक्सिजनाने हा जंतू लवकर मरतो किंवा वाढण्याची क्षमता गमावतो. नमुना थंड ठेवून त्वरेने पोहोचविणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

मांस तपासताना युरोपात मानेची कातडी घेतात. 15 पक्ष्यांच्या कातडीचे 5 एकत्रित नमुने होतात आणि कँपिलोबॅक्टरसाठी 2018 पासून 1 ग्रॅमला 1,000 वसाहती ही प्रक्रिया-स्वच्छतेची मर्यादा आहे. अमेरिकेत सबंध धड पिशवीत 400 मिलि. द्रव घालून हलवितात व ते धुवण तपासतात. कातडीच्या छिद्रांत रुतलेले जंतू धुवणात पूर्णपणे उतरत नाहीत, त्यामुळे दोहोंकडील टक्केवारीची थेट तुलना करणे योग्य नाही. धडावर मारलेली पेरअॅसेटिक अम्लासारखी जंतुनाशके धुवणात उतरून नमुन्यातच जंतू मारीत राहतात व खोटा नकार येतो, असे दिसल्यावर तेथे 2016 मध्ये लेसिथिन, सोडियम थायोसल्फेट व सोडियम बायकार्बोनेट मिसळलेला उदासीनकारी द्रव आणला गेला.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स व एश्चेरिकिया कोलाय हे नेहमीच आतड्यात असतात. त्यांच्या बाबतीत केवळ अस्तित्व दाखविणे निरर्थक असून संख्या व विषनिर्मितीची जनुके पाहावी लागतात.

पीसीआर पद्धतीने (डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखण्याच्या पद्धतीने), सॅल्मोनेलासाठी बहुधा ‘इन्व्ह-ए’ या जनुकाचा शोध घेऊन, उत्तर एक-दोन दिवसांत मिळते. संवर्धनाने पक्के उत्तर मिळण्यास 5 दिवस किंवा अधिक लागतात. परंतु पीसीआर मेलेल्या जंतूचे डीएनएही मोजू शकते, आणि आधी संवर्धन द्रवात वाढ केल्याने हा दोष कमी झाला तरी पुरता जात नाही. रोगाच्या साथीत रुग्ण, मांस व शेड यांतील जंतू एकच आहेत का हे आता संपूर्ण जनुकसंच वाचून ठरवितात. त्यासाठी सामान्यतः शुद्ध वसाहत हाती असावी लागते, म्हणून पीसीआरने होकार दिलेला नमुनाही पुन्हा आगरावर पसरवितात.