समुद्रकाठचं रेसकोर्स आणि पुळणीवरची शर्यत

बडोद्याच्या रेसकोर्स सर्कलवरून रोज हजारो माणसं जातात. घोडा तिथे दिसत नाही, नाव तेवढं उरलंय. पण आपल्या मराठी घरांत घोड्यांचा विषय अजून निघतो, आणि निघाला की गायकवाडांच्या घोड्यांवर येतोच. महाराज प्रतापसिंहरावांनी १९४५ मध्ये २८,००० गिनी (जुनं इंग्रजी चलन) मोजून एक वर्षाचं शिंगरू घेतलं, त्याचं नाव ‘सयाजीराव’ ठेवलं आणि त्याने १९४७ मध्ये आयर्लंडची मानाची शर्यत, आयरिश डर्बी, जिंकली. इथपर्यंत सगळं बरोबर. मग कुणीतरी मोबाइल काढतं, ओल्या वाळूवरून उधळत जाणाऱ्या घोड्यांचा फोटो दाखवतं आणि म्हणतं, “हेच ते आयर्लंडचं समुद्रकाठचं रेसकोर्स. आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्ससारखंच, फक्त छोटं.”

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. फोटो बहुतेक वेळा आयर्लंडमधल्या लेटाउन गावाचा असतो. तिथे रेसकोर्स नावाची कायमची जागाच नाही.

महालक्ष्मी तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. १८८३ पासूनचं मैदान, लंबगोल गवती धाव (घोडे पळतात तो पट्टा), कडेला रेलिंग, कायमचा स्टँड, नोव्हेंबर ते एप्रिलचा मोसम. समुद्र रस्त्यापलीकडे आहे, हाजी अली दिसतं, वारा येतो. पण शर्यत कधी लावायची आणि धाव कडक की मऊ, यात समुद्राला काही बोलायचं नसतं. धावेला पाणी माणसं देतात आणि तिचा कडकपणा पेनेट्रोमीटर नावाच्या यंत्राने मोजतात. उद्या समुद्र दहा मैल मागे सरकला, तरी रविवारचं रेस-कार्ड तसंच छापलं जाईल. समुद्रकाठचं रेसकोर्स म्हणतात ते हे.

याचाच लहान अवतार बघायचा असेल तर आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ट्रामोर आहे. टेकडीवर, जेमतेम मैलाभराची फेरी, उजव्या हाताने वळणारी, चढउतारांची. वरून समुद्र दिसतो. गंमत अशी की ट्रामोरच्या शर्यती आधी खाली, पाण्याच्या पातळीजवळ व्हायच्या. १९११ च्या सुमारास समुद्र त्या जागेत घुसला, मग मंडळींनी वर टेकडीवर गवताची धाव बांधली. म्हणजे समुद्राला शर्यतीच्या व्यवहारातून बाहेर काढलं, तेव्हा कुठे ते आजचं समुद्रकाठचं रेसकोर्स झालं.

लेटाउनने समुद्राला बाहेर काढलं नाही. डब्लिनच्या उत्तरेला, मीथ परगण्याच्या किनाऱ्यावरचं हे गाव. १८६८ मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या त्या होड्यांच्या शर्यतींना जोड म्हणून. भरतीला होड्या, ओहोटीला घोडे. आजही वर्षातून एकच दिवस, बहुधा सप्टेंबरात, आयर्लंडच्या रेसिंगच्या अधिकृत नियमांखाली घोडे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच, धावतात. निकाल घोड्याच्या नोंदवहीत इतर कुठल्याही निकालासारखाच चढतो, त्यामुळे त्याला जत्रेतली मौज समजू नका.

टोट (पैजांचा सामाईक गल्ला) आणि बुकी महालक्ष्मीला आणि लेटाउनला, दोन्हीकडे असतात. टोप्या, गर्दी, खाणंपिणंही तेच. वळण डावं की उजवं हे लेटाउनला विचारायचं कारण नाही, कारण आता तिथे सरळच धावतात. पूर्वी वळसा घेऊन परतायचे. १९९४ च्या अपघातानंतर ते थांबलं, एका शर्यतीत दहाच घोडे आले आणि अंतर सहा-सात फर्लांगांवर (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) आलं. एवढं पुरे.

खरा घोळ होतो तो वाळूत. आपल्या मनात वाळू म्हणजे पाय रुतणारी, दमवणारी गोष्ट. त्यामुळे लोक गृहीत धरतात की पुळणीवरचा घोडा धापा टाकत, जड पावलांनी धावत असेल. काहीजण त्याहून पुढे जाऊन त्याला सकाळच्या सरावासाठी रेसकोर्सवर असलेल्या सँड ट्रॅकच्या पंक्तीला बसवतात. दोन्ही चूक. सँड ट्रॅकची वाळू माणसाने आणून टाकलेली असते आणि माणूसच ती उकरून सैल ठेवतो. पुळणीची धाव ओहोटी तयार करते.

कोकणात गेलेल्या कुणीही हे पायांनी अनुभवलेलं असतं. सुरूच्या बनातून उतरलात की पहिला पट्टा कोरड्या, भुसभुशीत वाळूचा. चप्पल हातात घ्यावी लागते आणि पोटऱ्या भरून येतात. त्याच्या पुढे, नुकतंच पाणी ओसरलेला पट्टा असा घट्ट असतो की त्यावर सायकल चालते. अलिबागकडे ओहोटीच्या पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्या याच पट्ट्यावर. कारण साधं आहे. ओल्या वाळूत कणाकणांमध्ये पाण्याचं बारीक पटल असतं आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. वाळू कोरडी झाली की ती ओढ जाते. उलट पाण्याने पार भरून गेली तरी जाते, म्हणून लाटेच्या अगदी तोंडाशी उभं राहिलं की टाच खाली जाते. घोड्याला हवी असते ती या दोन्हींच्या मधली वेळ आणि मधली जागा. लाटांचे तुषार उडवत पाण्यातून पळणारे घोडे रीलमध्ये शोभतात. शर्यत पाण्यात होत नाही. ती पाण्याला समांतर, मोकळ्या झालेल्या वाळूवर होते.

यातली ‘वेळ’ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लोकांच्या ध्यानात येत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. आज दुपारी मोकळी असलेली पुळण आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. त्यात उधाण आणि भांगाचा फरक. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही लांब. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा उघडी पडणारी पट्टी अरुंद. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. हे गणित कोकणचं आहे, आयरिश समुद्राला लावू नका. पण विचार करायची पद्धत तीच. महालक्ष्मीचं वेळापत्रक क्लबच्या कचेरीत ठरतं. लेटाउनची तारीख आणि पहिल्या शर्यतीची वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून निघते. पाणी ओसरल्यावर माणसं खांब रोवून धाव आखतात. ती धाव सकाळी नव्हती आणि रात्री नसेल.

बडोदेकरांना हे पटवायला मी एक घरचा दाखला देतो. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ बहुतेकांनी पाहिलंय. भरतीला पिंडी पाण्याखाली जाते आणि ओहोटीला दर्शन उघडतं. दर्शनाची वेळ पुजारी ठरवत नाही, समुद्र ठरवतो. लेटाउनचंही तसंच आहे. इथे लगेच कुणीतरी विचारतं की मग खंभातच्या आखातात अशी शर्यत का होत नाही, पाणी तर मैलमैल मागे जातं. कारण मागे उरतो तो गाळ. माणूस गुडघ्यापर्यंत जातो, घोड्याचे तर पाय मोडतील. नुसती मोठी ओहोटी असून भागत नाही. वाळू हवी, उतार मंद हवा आणि पुळण लांब, सलग हवी. स्पेनमध्ये ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी सानलुकारला ही सोय आहे, म्हणून तिथे १८४५ पासून ऑगस्टच्या ओहोटीला घोडे धावतात.

म्हणून माझा आग्रह आहे की दोन्हींना ‘बीच रेस’ म्हणू नका. मराठीत पुळण हा नेमका शब्द आहे. घोडे पुळणीवर धावले तर ती पुळणीवरची शर्यत. नुसता समुद्र शेजारी असेल तर ते समुद्रकाठचं रेसकोर्स. मला विचाराल तर पुळणीवरची शर्यत कधीही वरचढ, कारण तिथे दरवर्षी धाव नव्याने जन्मते.

बघायला जाणार असाल तर आधी तारीख पक्की करा, मग विमानाचं तिकीट. डब्लिनहून लेटाउनला थेट रेल्वे आहे. प्रेक्षकांना पुळणीच्या वरच्या अंगाला असलेल्या शेतात उभं राहावं लागतं. पॅडॉक (शर्यतीआधी घोडे फिरवतात ते आवार) आणि जॉकींच्या वजनाचे तंबू तिथेच. वाळूच्या टेकडीत पायऱ्या काढल्या आहेत, तोच स्टँड. घोडे वरून खाली पुळणीवर उतरतात तेव्हा पायऱ्यांच्या जवळ जागा धरा. धाव सरळ असल्याने सुरुवात फार लांब असते, दुर्बीण न्या.

आणि बडोद्याचे घोडे? ‘सयाजीराव’ आयरिश डर्बी जिंकला तो करा मैदानावर, किल्डेअर परगण्याच्या गवतावर. तिथून समुद्र दिसतही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधली सेंट लेजर ही शर्यत त्याने डॉनकास्टरला जिंकली. १९४८ मध्ये ‘माय बाबू’ने इंग्लंडमध्येच न्यूमार्केटला ‘२००० गिनीज’ नावाची शर्यत मारली. महाराजांचा बरोडा स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं ठिकाण, तोसुद्धा किल्डेअरमध्येच. यांतला एकही विजय पुळणीवरचा नाही. समुद्राचा वारा लागलेली एकच जागा या यादीला जोडता येईल, ती मुंबई. पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये तिथे धावली आणि महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ने ती जिंकली, तीही गवतावर.