प्रॉडक्ट मॅनेजरचं काम आलं कुठून?

प्रॉडक्ट मॅनेजमेंट, म्हणजे एखाद्या प्रॉडक्टची सगळी जबाबदारी घेण्याचं काम, शिकायला घेतलं की लोक आधी रोडमॅप, बॅकलॉग, युजर स्टोरी (पुढे काय बनवायचं त्याचे आराखडे, याद्या आणि टिपणं) यांच्या मागे लागतात, पण हे काम मुळात सॉफ्टवेअरमधलं नाहीच, ते साबणाच्या धंद्यातून आलंय. आणि ते माहीत असलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकएलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम सांभाळायचा. कॅमेची अडचण अशी की बाहेरच्या साबणांशी टक्कर होतीच, पण घरातच आयव्हरी होता, कंपनीचा जुना आणि लाडका साबण, सगळं लक्ष तिकडे. कॅमे नीट चालतोय की नाही हे सकाळ-संध्याकाळ बघणारं असं हक्काचं कोणी नव्हतं. मग १३ मे १९३१ ला त्याने वरिष्ठांना मेमो लिहिला, कंपनीत एका पानाचा शिरस्ता होता, याचा झाला तीन पानी, मागणी एकच की प्रत्येक ब्रँडमागे माणसं द्या.

ब्रँडच्या या माणसाने काय करायचं तेही मॅकएलरॉयने लिहिलंय आणि तो भाग फार भारी आहे. कुठल्या भागात किती माल जातोय ते आकडे बघायचे, जिथे चांगला खपतोय तिथे नेमकं कशामुळे खपतोय ते शोधून दुसरीकडे लावून बघायचं, आणि जिथे खप पडलाय तिथे स्वतः जायचं, दुकानदारांशी बोलायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं, दुखणं सापडलं की मग प्लॅन बनवायचा, आणि तो त्या भागाच्या सेल्स मॅनेजरला समजावून त्याची परवानगी घ्यायची. हे शेवटचं नीट वाचा. ब्रँडची जबाबदारी याची, पण सेल्सची माणसं दुसऱ्याच्या हाताखाली. आज प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात की इंजिनिअर माझ्या हाताखाली नाहीत तरी रिझल्ट मलाच द्यावा लागतो, ते पहिल्या दिवसापासून तसंच आहे! (हा मॅकएलरॉय पुढे कंपनीचा प्रेसिडेंट झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री.)

सॉफ्टवेअरकडे येणारी एक वाट तर थेट याच कंपनीतून निघते. स्कॉट कुक तिथे काम करून बाहेर पडला आणि १९८३ मध्ये टॉम प्रूसोबत त्याने इंट्युइट ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्यांची एक पद्धत होती, क्विकन हे त्यांचं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या माणसाला विचारून त्याच्या घरी जायचं आणि तो ते कसं सुरू करतो, कुठे अडतो ते शांतपणे बघत बसायचं, मदत करायची नाही. क्विकन बनवलं घरच्या हिशोबासाठी, आणि लोक त्यावर छोट्या धंद्याचे हिशोब ठेवत होते, त्यातून पुढे धंद्याच्या हिशोबाचं क्विकबुक्स आलं. ऑफिसात बसून हे कोणाला सुचलं नसतं.

मायक्रोसॉफ्टमध्ये वेगळंच झालं. ऐंशीच्या दशकात मॅकवरच्या एक्सेलच्या वेळी जेब ब्लूमेंथलने मार्केटिंग आणि प्रोग्रामर यांच्या मधलं काम अंगावर घेतलं, फीचर कसं चालावं ते ठरवायचं, लिहून काढायचं, आणि त्याला नाव पडलं प्रोग्राम मॅनेजर. म्हणजे हा माणूस जाहिरातीकडून सरकून इंजिनिअरांच्या शेजारी येऊन बसला. मग स्क्रममधून, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीतून, प्रॉडक्ट ओनर हे आणखी एक नाव आलं, अशाच पद्धतींची तत्त्वं मांडणारा २००१ चा अजाइल जाहीरनामा आला, आणि २००२ मध्ये गूगलने मरिसा मायरच्या पुढाकाराने नवख्या पदवीधरांना असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घेऊन घडवायला सुरुवात केली.

इतक्या वाटांनी आल्यामुळे एकाच टायटलची दोन माणसं दोन कंपन्यांत अगदी वेगळी कामं करताना दिसतात, एक किंमत आणि बाजार बघतो, दुसरा दिवसभर तिकिटं, म्हणजे इंजिनिअरांसाठी कामाच्या नोंदी, लिहितो. त्यामुळे इंटरव्ह्यूला गेलात तर टायटलवर जाऊ नका, आधी काय बनवायचं आणि काय नाही हे तिथे शेवटी कोण ठरवतं, आणि गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतः भेटणार की नाही, हे दोन प्रश्न नक्की विचारा.