मावळची तीन लेणी, एक दिवस : आमच्या सहलीला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. बेडसे, भाजे आणि कार्ले या बौद्ध लेण्यांच्या सहलीसाठी तुम्ही नाव नोंदवलंय, किंवा नोंदवायचा विचार करताय. दोन्ही परिस्थितींत हे पत्रक निघण्याआधी एकदा वाचा. लेण्यांची काहीच माहिती नसेल तरी चालेल. आमच्याबरोबर येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लहानपणी शाळेच्या सहलीत कार्ले पाहिलेलं असतं, आणि त्यातल्या पायऱ्या तेवढ्या लक्षात असतात.

बरेच जण फोनवर विचारतात, "एका दिवसात लोहगड, विसापूर, पवना धरण आणि लेणी नाही का होणार?" गाडी फिरवून आणता येईल, पण लेणी बघून होणार नाहीत. म्हणून आम्ही तीनच ठिकाणं घेतो आणि प्रत्येक ठिकाणी निदान तासभर थांबतो.

क्रम असा का

वयाप्रमाणे लावायचं तर भाजे सगळ्यात जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. मग बेडसे, आणि शेवटी इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं कार्ल्याचं मोठं चैत्यगृह. आम्ही मात्र उन्हाप्रमाणे जातो. बेडशाचं तोंड पूर्वेला, भाजे आणि कार्ले पश्चिमेला. म्हणून सकाळी कामशेतहून बेडसे, जेवणानंतर भाजे आणि ऊन कलायला लागलं की कार्ले. दुपारी बेडशाला पोचलात तर समोरचे खांब सावलीत काळेठिक्कर दिसतात. सकाळच्या उन्हात त्याच खांबांवरच्या घोड्यांचे लगामसुद्धा मोजता येतात.

काय बघायचं

चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेची जागा : लांबट दालन, टोकाला स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि मागून प्रदक्षिणेची वाट. विहार म्हणजे भिक्खूंनी राहायची जागा. पावसाळ्याचे महिने भिक्खू फिरत नसत, एका जागी वर्षावास करत. त्यात सोपारा-कल्याणच्या बंदरांतून निघालेला माल बोरघाट चढून देशावर जाई, तो याच भागातून. वाटेवरच्या व्यापाऱ्यांनी दान दिलं आणि डोंगर कोरले गेले. गावात कुणी याला पांडवांचं काम म्हणालं तर वाद घालू नका, पण दाते कोण होते ते इथल्या शिलालेखांत लिहून ठेवलेलं आहे.

आता आमच्या आवडीची गोष्ट. तिन्ही ठिकाणी फक्त खांबांकडे लक्ष ठेवा.

भाज्याच्या चैत्यगृहात २७ खांब आहेत. अष्टकोनी, साधे, खाली बैठक नाही की वर नक्षी नाही. दालनाच्या मधोमध उभे राहा आणि नीट बघा : खांब सरळ नाहीत, आत कललेले आहेत. कोरणाऱ्याचा हात चुकला म्हणावं तर सगळेच एका मापात कसे कलतील? त्या काळी अशी सभागृहं लाकडाची बांधत. कमानदार छपराचा रेटा बाहेर जातो, म्हणून लाकडी खांब आत झुकवून रोवावे लागत. डोंगर कोरताना छताचा असा रेटा नसतोच, खांब काढून टाकला तरी छत जागचं हलणार नाही. पण हाताला सवय लाकडाची, म्हणून दगडातही तोच कल आला. भाज्याची दर्शनी बाजूही लाकडाचीच होती. ती गेली, आणि ती ठोकून बसवण्यासाठी पाडलेली भोकं मात्र दगडात राहिली. तोंड आज सताड उघडं दिसतं ते त्यामुळे.

बेडशात हाच कल अगदी थोडा उरलाय, पटकन लक्षातही येत नाही. इथे दर्शनी भाग दगडातच कोरलाय. समोरचा कातळ पुरता न काढता मधून चिंचोळी वाट ठेवलीय. त्या बोळातून आत आलात की पंचवीसेक फुटांचे खांब एकदम अंगावर येतात. माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख इथे आहे. शेजारच्या विहाराचं छतही कमानदार आहे आणि मागची बाजू गोल. विहार सहसा चौकोनी असतो, त्यामुळे हा चुकवू नका.

कार्ल्याला पोचेपर्यंत खांब ताठ झालेले असतात. १२४ फूट लांब, ४६ फूट उंच असं हे दालन, देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. एकूण ३७ खांब. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना खाली घटासारखी बैठक आणि वर गुडघे टेकलेले हत्ती. स्तूपामागचे सात मात्र भाज्यासारखेच साधे. इथे पाथरवटाला दगड पुरता वश झालेला दिसतो. आणि तरीही मान वर करा : छताला लाकडी कमानी आहेत. दगडी छताला त्यांचा काडीचा आधार नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं लाकूड आजही तिथे आहे. स्तूपावरची छत्रीही लाकडाची. भाज्यालाही छताची लाकडं टिकून आहेत, बेडशातली गेली.

कार्ल्याच्या लेखांत वैजयंतीच्या (आजचं कर्नाटकातलं बनवासी) भूतपाल शेठीचं नाव आहे, खांब दान देणारे धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, आहेत. दाराजवळच्या लेखांत एक गांधिक म्हणजे अत्तरं विकणारा भेटतो, आणि सामी नावाचा एक 'वढकी', वेणुवासाचा मुलगा, ज्याने दार केलं. वढकी म्हणजे आपला वाढई, सुतार. एवढ्या मोठ्या दगडी कामावर सुताराचं नाव कोरलेलं आहे. आम्ही प्रत्येक गटाला तिथे थांबवतो आणि त्या नावाबद्दल आवर्जून सांगतो.

चढ, चपला आणि बाकीचं

बेडशाला साधारण ४०० पायऱ्या आहेत, पण सकाळच्या गारव्यात त्या जड जात नाहीत. भाज्याचा चढ वीस मिनिटांचा. कार्ल्याला गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, तिथून पुढे पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. आम्ही तुमच्याबरोबर एक माणूस मागे ठेवतो आणि दम खात खात वर आणतो. पावसाळ्यात चपला घालून येऊ नका. दोन वर्षांपूर्वी भाज्याच्या शेवाळलेल्या पायरीवर आमच्या गटातल्या एका मावशींचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. बूट आणा असं त्यांना आम्ही ठणकावून सांगायला हवं होतं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर खाचांच्या तळाचे बूट नसतील तर आम्ही गाडीतच बसायला सांगतो. वाईट वाटून घेऊ नका.

आग्या मोहोळं कड्याला लागलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको. माश्या उठल्या तर कड्यावरून पळायला जागा नसते. भिंतींना हात लावू नका, स्तूपावर चढू नका आणि मुलांना खडूने नावं लिहू देऊ नका. ड्रोन किंवा स्टँड लावून चित्रीकरण परवानगीशिवाय चालत नाही. बॅटरी जरूर आणा. भिंतीवर उजेड समोरून न मारता बाजूने मारलात तर अक्षरं उठून दिसतात.

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा आईचं देऊळ आहे. आमच्या पाहुण्यांत आगरी-कोळी घरांतले बरेच जण असतात, आई त्यांची कुलदेवता. दर्शनासाठी वेगळा वेळ ठेवलेला आहे, घाई करू नका. चैत्री यात्रेत आणि नवरात्रात आम्ही ही सहल काढत नाही. त्या गर्दीत देवीला जावं, लेणी बघायला जाऊ नये.

कार्ले आणि भाजे इथे तिकीट लागतं, ते आमच्या शुल्कात आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. परदेशी पासपोर्ट असेल तर दर वेगळा, म्हणून परदेशातून आलेल्या नातेवाइकांना ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं परदेशस्थ नागरिकाचं कार्ड) असेल तर ते जवळ ठेवायला सांगा. दुपारचं जेवण गावातल्या एका घरी : पिठलं, भाकरी, ठेचा आणि मावळातल्या इंद्रायणी तांदळाचा भात. उपास असेल तर आदल्या दिवशी कळवा, काकू भगर करून देतात.

लोकलने येणाऱ्यांनी पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरावं, गाडी स्टेशनबाहेर उभी असेल. परतीला मळवली स्टेशनवर सोडतो. कार्ल्यात शेवटची वीस मिनिटं कुणी काही सांगत नाही, आमचा माणूसही गप्प बसतो. ऊन दर्शनी कमानीतून आत शिरून खांबांवर सरकत जातं. तेवढा वेळ फोन खिशात राहू द्या.