२१ सप्टेंबरला हेच गाणं का वाजतं?

२१ सप्टेंबरच्या रात्रीची आठवण काढणारं, 'सप्टेंबर' नावाचं हे गाणं बाजारात आलं ते मात्र नोव्हेंबरात, १९७८ साली. 'अर्थ, विंड अँड फायर' हा अमेरिकी सोल-फंक बँड तेव्हा ऐन भरात होता. गिटारवादक अल मकाय यांच्या सुरावटीवर शब्द बसवायला बँडप्रमुख मॉरिस व्हाइट यांनी अ‍ॅली विलिस यांना बोलावलं. गीतकार म्हणून विलिसबाईंचं तोवर फारसं नाव झालेलं नव्हतं.

त्यांना पहिल्यापासून खटकलं ते धृपदातलं 'बा-दी-या'. हे तात्पुरतं गुणगुणणं आहे, पुढे खरे शब्द येतील, अशी त्यांची समजूत. शब्द काही येईनात, तेव्हा त्यांनी अगदी विनवण्या केल्या. व्हाइट बधले नाहीत. ठेका जमलाय ना, मग अर्थ कोण विचारतो! तारखेचंही तेच. २१ सप्टेंबरच्या रात्री घडलं तरी काय? विलिस पुढे मुलाखतींतून सांगत, की काहीच नाही; इतर तारखाही गाऊन पाहिल्या, पण चालीत एकवीसच चपखल बसली. व्हाइट यांच्या पत्नीने नंतर वेगळं कारण दिलं: मुलाच्या जन्मासाठी डॉक्टरांनी दिलेली ती तारीख होती. गंमत म्हणजे गाण्यातला नायक हे सगळं आठवतोय डिसेंबरात.

गाणं अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पुढे लग्नाच्या पार्ट्यांत टिकून राहिलं. पण वर्षातला एक दिवस त्याच्या नावावर झाला तो २०१६ पासून. डेमी अदेजुयिग्बे या विनोदी लेखक-कलाकाराने त्या २१ सप्टेंबरला एक छोटा व्हिडिओ टाकला. गाण्यात तारीख येते, आज तीच तारीख आहे, आणि एवढ्याच आनंदात हा पठ्ठ्या बेभान नाचतोय. बस्स! पुढच्या वर्षी लोक वाटच पाहू लागले. मग थाट वाढत गेला. कधी मुलांचा गायनवृंद, कधी मेक्सिकन मारियाची वादक. नंतर त्याने त्यावर सामाजिक संस्थांसाठी देणग्याही गोळा केल्या.

माझ्या मते इथे व्हाइट यांचा हट्टच कामी आला. ठरावीक प्रेमकथा असती तर गाणं त्या काळातच अडकलं असतं. तारखेला मात्र दरवर्षी पाळी मिळते. व्हाइट स्वतः २०१६च्या फेब्रुवारीतच गेले, पहिल्या व्हिडिओच्या काही महिने आधी. अदेजुयिग्बेने २०२१ला 'हा शेवटचा' म्हणून हात जोडले. जुन्या क्लिपा तरीही त्या दिवशी फिरतातच, आणि ऑनलाइन ऐकणाऱ्यांचा आकडाही त्या तारखेला उसळी घेतो.