एमजीबी आणि माझदा एमएक्स-५

एमजीबी आणि माझदा एमएक्स-५ : उघडमीट होणाऱ्या कापडी टपाच्या, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना अशा रचनेच्या दोन आसनी मोटारी (रोडस्टर). एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसली. अमेरिकी मोटार-पत्रकार बॉब हॉल यांनी माझदाच्या केनिची यामामोतो यांना जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी साधी, हलकी गाडी बनवण्याचे सुचवले होते. एमएक्स-५ चा उगम त्यातच आहे. त्यामुळे या दोघींची तुलना केली, की वेगाच्या आकड्यांपेक्षा जपानी अभियंत्यांनी जुन्यातले काय ठेवले आणि काय टाकले, हेच अधिक पाहावेसे वाटते.

ठेवला तो हलकेपणा. दोन्ही गाड्यांच्या सुरुवातीच्या रूपांचे वजन एक टनाच्या आत होते. बैठक जमिनीलगत, गियरचा दांडा आखूड आणि हाताशी. 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे माझदाचे सूत्र होते. ॲबिंग्डनच्या कारागिरांना हे शब्द ठाऊक नसतील, पण त्यांची गाडीही चालवणाऱ्याला तोच अनुभव देई.

टाकल्या त्या जुन्या यंत्रणा. एमजीबीचे १७९८ सीसीचे, सुमारे ९५ अश्वशक्तीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) 'बी' मालिकेतले. आपल्या ॲम्बेसेडरने वर्षानुवर्षे वापरलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन त्याचेच भावंड, त्यामुळे तो आवाज इकडच्या जुन्या मेकॅनिकांना अनोळखी नाही. एमजीबीच्या इंजिनावर एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असत. त्यांची वरची टोपी फिरवून दट्ट्या उचलायचा, आत तेल किती उरले ते पाहायचे, कमी असल्यास थोडे ओतायचे, हे मालकाचे नित्याचे काम. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ च्या १६०० सीसी इंजिनात इंधन इंजेक्शनने जाते आणि ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती मिळते. एमजीबीच्या मागच्या बाजूला सलग आस आणि पाटे आहेत, खडबडीत वळणावर ती मागून उसळते. त्या एमएक्स-५ ची चारही चाके स्वतंत्र दुहेरी विशबोनवर, म्हणजे वर-खाली असलेल्या दोन भुजांवर, आहेत. इथे नवी गाडी निर्विवाद सरस आहे.

टपाच्या बाबतीतही तेच. सुरुवातीच्या अनेक एमजीबींचा टप सांगाड्यासह सुटा करून डिकीत ठेवावा लागे. भर पावसात तो पुन्हा चढवणे म्हणजे आधी भिजणे आलेच. पहिल्या एमएक्स-५ मध्ये पुढच्या काचेवरच्या दोन कड्या सोडल्या, मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन उघडली, की बसल्या जागेवरून टप मागे टाकता येतो.

दुखणे मात्र दोघींचे एकच आहे. छप्पर नसल्याने दोन्ही गाड्यांचा बराच भार दाराखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, पेलतात. एमएक्स-५ च्या टपाचे पाणी आसनामागच्या बारीक नळ्यांतून खाली जाते. तिथे पालापाचोळा अडकला, की ते सिलमध्ये साचते आणि पत्रा आतून कुजतो. एमजीबीचेही सिल असेच गंजतात. वरून रंग झळकत असला, तरी जाणकार गिऱ्हाईक आधी गुडघे टेकून तिथेच हात फिरवतो.

१९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर लावले गेले आणि गाडी उंच केली गेली. त्याने तिचे रूप आणि वळणावरची पकड दोन्ही बिघडले. १९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. तोवर पक्क्या छपराच्या कूपे धरून पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या होत्या. एमएक्स-५ ने २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला.

१९८८ पासून एमजीबीचे नवे सांगाडे जुन्याच साच्यांवर पुन्हा तयार होऊ लागले. त्यांच्याच आधारे १९९२ च्या अखेरीस व्ही८ इंजिनाची एमजी आरव्ही८ आली. अशा सुमारे २,००० गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक जपानमध्ये विकल्या गेल्या.