जुनी दारू आणि ४८३१ चा गुंता : पार्श्वभूमी

अमेरिकेतील नेमबाजांमध्ये काडतुसे घरी पुन्हा भरण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने पसरली आणि तिला बळ मिळाले ते लष्कराकडे शिल्लक राहिलेल्या बंदुकीच्या दारूमुळे, म्हणजे काडतुसात जळून गोळी ढकलणाऱ्या भुकटीमुळे. रायफलीच्या काडतुसांसाठीची ४८९५ आणि २० मिलिमीटर तोफेच्या काडतुसांतून काढलेली ४८३१ या क्रमांकांच्या दोन्ही दारू अत्यंत स्वस्तात बाजारात आल्या. जुनी दारू वापरणे हा तेव्हा अपवाद नव्हता. अनेकांची सुरुवातच तिच्यापासून झाली.

काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. १८८४ साली फ्रान्समध्ये सिद्ध झालेली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असल्याने आपोआप विघटित होत जाते, आणि त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ते विघटन आणखी वाढवतात. फ्रान्सच्या तुलोन बंदरात १९०७ मध्ये ‘इएना’ आणि १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या युद्धनौका स्फोटांत नष्ट झाल्या, तेव्हा संशय याच दारूवर आला. पुढे डायफेनिलअमाइनसारखी स्थैर्यद्रव्ये सर्वत्र रूढ झाली. हे द्रव्य वायू शोषून घेते, पण स्वतः खर्च होत जाते. अमेरिकी लष्करी निकषानुसार त्याचे प्रमाण ०.२० टक्क्यांखाली गेले की साठा असुरक्षित ठरतो.

घरी भरणाऱ्याला ही मोजणी करता येत नाही. आंबूस, झोंबणारा वास, तांबूस धूळ, आतून गंजलेला डबा, हिरवट पडलेले पितळ या खुणांवरच त्याला विसंबावे लागते.

तरीही माझ्या मते अधिक अनर्थकारी ठरू शकणारी गोष्ट रसायनात नसून क्रमांकात होती. लष्करी दारूच्या खेपा एकसारख्या जळत नसत. कारखाना प्रत्येक खेपेची चाचणी घेऊन त्यानुसार काडतुसात भरायच्या दारूचे माप बदलत असे. किरकोळ विक्रीच्या दारूला मात्र खेपा एकमेकींत मिसळून एकसारखे केले जाते, कारण ग्राहक कोणत्या दारूचे किती माप भरायचे हे सांगणाऱ्या छापील तक्त्यावर चालतो. ४८३१ चा जुना लष्करी साठा आटत गेल्यावर तो विकणाऱ्या विक्रेत्याने स्कॉटलंडमध्ये नवी दारू बनवून घेतली आणि तिला तोच ४८३१ क्रमांक ठेवला. १९७३ च्या सुमारास आणखी एका उत्पादकाने स्वतःची ४८३१ आणली. ती अधिक वेगाने जळणारी होती. भेद उरला तो फक्त क्रमांकाआधीच्या ‘एच’ (पहिल्या विक्रेत्याची) आणि ‘आयएमआर’ (दुसऱ्या उत्पादकाची) या अक्षरांचा. संथ दारूचे कमाल माप वेगवान दारूला लावले तर नळीतील दाब धोक्याच्या पातळीवर जातो, हे ठाऊक असतानाही क्रमांक बदलला गेला नाही. ओळखीचा क्रमांक खपाला सोयीचा होता, हे समर्थन मला अपुरे वाटते. वारशात आलेल्या, अक्षरे पुसट झालेल्या डब्यावर नुसते ‘४८३१’ दिसले, तर कोणता तक्ता उघडायचा याचे उत्तर त्या डब्यातून मिळत नाही, आणि दारू चांगली असली तरी ती वापरण्याजोगी राहत नाही.

लष्कराची जुनी दारू खाजगी हाती देण्याचे धोरण पुढेही चालू राहिले. लुइझियानातील कॅम्प मिंडन येथे ऑक्टोबर २०१२ मध्ये स्फोट झाला आणि तपासात एम-६ प्रकारची सुमारे दीड कोटी पौंड दारू, मोडीत काढलेल्या तोफगोळ्यांच्या भारांतली, अयोग्य रीतीने रचून ठेवलेली सापडली. ती उघड्यावर जाळण्याच्या प्रस्तावाला रहिवाशांनी कडाडून विरोध केल्यावर बंदिस्त भट्टीत जाळण्याचे ठरले. ते काम २०१७ मध्ये पूर्ण झाले.