कात्री ओठांवर, मोकळीक जबरदस्तीला: पडद्यावरच्या प्रणयाची पार्श्वभूमी

भारतीय चित्रपटांत चुंबनावर कायद्याने कधीच बंदी नव्हती. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. कलम ५-ब मध्ये देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी यांच्या रांगेत सभ्यता आणि नीतिमत्ताही येतात. या दोहोंचा अर्थ लावताना परीक्षण मंडळाने (सेन्सॉर बोर्डाने) वर्षानुवर्षे किती अंग दिसते आणि ओठ किती जवळ येतात हे मोजले. समोरच्या बाईची तयारी आहे का, हे मात्र मोजले नाही. आज शूटिंगवर दिसू लागलेला इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीची दृश्ये कलाकारांच्या संमतीने बसवणारा जाणकार, नेमकी हीच उणीव भरून काढायला आला आहे.

सुरुवातीला पडद्यावर बाईच नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी जुना रिवाज लगेच सुटला नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेणाऱ्या मराठी प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. प्रणय नजरेत, हावभावांत आणि गाण्यात असायचा. अंगाला अंग लागण्याची त्याला गरज नव्हती, आणि ही सवय पुढे फार काळ टिकली.

१९१८ च्या कायद्यानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे परीक्षण मंडळे बसली. इंग्रज सरकारला खरी धास्ती राजकारणाची होती, आणि हॉलिवूडच्या चित्रपटांमुळे गोऱ्या बायकांची प्रतिमा ‘नेटिवां’समोर मलिन होईल याचीही. त्यामुळे त्या काळातली देशी चुंबने सुटून गेली. ‘अ थ्रो ऑफ डाइस’ (१९२९) मध्ये सीतादेवी आणि चारू रॉय यांचे चुंबन आहे. ‘कर्मा’तले (१९३३) देविका राणी आणि हिमांशू रॉय यांचे चुंबन तर आजही चर्चेत असते. दोघे प्रत्यक्षातही नवरा-बायको होते. शिवाय त्या प्रसंगात साप चावून नायक बेशुद्ध पडलेला आहे आणि पुढाकार नायिकेचा आहे, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत सहसा येत नाही.

मराठी चित्रपट तेव्हा याहून पुढे होता असे माझे ठाम मत आहे. शांतारामबापूंच्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपट्यांनी तो नकार रडका होऊ दिला नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेबही निव्वळ खलनायक नाहीत. बायकोच्या ‘नाही’मुळे त्यांना स्वतःकडे पाहावे लागते, आणि सगळी कथा त्या एका शब्दाभोवती उभी राहते. पुढच्याच वर्षी मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी’ गात नायकाला पाण्यात बोलावतात. गहजब झाला तो पोशाखावरून. तिथे पाठलाग बाई करते आहे, या गोष्टीची तेवढी चर्चा झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, प्रांतोप्रांतीची मंडळे जाऊन एक केंद्रीय मंडळ आले आणि चुंबन पडद्यावरून जवळपास नाहीसे झाले. दोन चेहरे जवळ आले की कॅमेरा फुलांवर, छत्रीवर नाहीतर झाडाच्या बुंध्यावर वळू लागला. यामागे लाजेइतकेच तंत्रही होते. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर सेकंदाला २४ फ्रेम्स धावतात, आणि ध्वनीची पट्टी तिच्या चित्रापेक्षा सुमारे २० फ्रेम्स पुढे छापलेली असते. तयार प्रिंटमधून दोन सेकंदांचे दृश्य कापले, तर चित्र एका जागी तुटते आणि आवाज जवळजवळ सेकंदभर अलीकडे-पलीकडे. गाण्याच्या मधोमध असे झाले की ताल तुटल्याचे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळते. त्यापेक्षा फुलांचा शॉट आधीच घेऊन ठेवणे निर्मात्याला परवडायचे. मंडळाने कापण्याआधी दिग्दर्शकच कापू लागला, आणि या कापण्याची नोंद कुठल्याच प्रमाणपत्रावर होत नाही.

याच पडद्यावर दुसरे बरेच काही बिनबोभाट चालत होते. नायक मित्रांचे टोळके घेऊन नायिकेच्या मागे लागतो, तिची वाट अडवतो, ओढणी ओढतो, आणि कडव्याच्या शेवटी ती हसते. अशा गाण्यांना सर्रास सर्वांसाठीचे प्रमाणपत्र मिळे. प्रत्यक्षात असा पाठलाग हा वेगळा गुन्हा ठरायला २०१३ ची कायदादुरुस्ती यावी लागली.

मोजपट्टी चुकते आहे हे अनेकांनी वेळेवर सांगितले होते. न्या. जी. डी. खोसला समितीने १९६९ च्या अहवालात म्हटले, की कथेची गरज असेल तर चुंबन कापायचे कारण नाही. पुढच्या वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले. मात्र लैंगिकता म्हणजे अश्लीलता नव्हे, हेही त्याच निकालात बजावले. तरी व्यवहार बदलला नाही. मथुरा या आदिवासी मुलीवरच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात आरोपी पोलीस सुटले, त्या निकालाविरुद्ध स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याच सुमारास, १९८० मध्ये, ‘इन्साफ का तराजू’ बलात्काराची दृश्ये तपशिलासह घेऊन थिएटरात लागला. अन्यायाला वाचा फोडायची म्हणून कॅमेरा जबरदस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहत राहतो, हा त्यावरचा आक्षेप मला आजही पटतो.

६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अखेर लेखी आले: स्त्रियांची अप्रतिष्ठा करणारी दृश्ये नकोत, लैंगिक हिंसा टाळावी, आणि विषयासाठी अपरिहार्य असेल तर कमीत कमी दाखवावी. कागद बरा होता, पण सवय तीच राहिली. २०१५ मध्ये जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’मधली चुंबने निम्म्याने छाटली गेली. दोन वर्षांनी ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला प्रमाणपत्र नाकारताना मंडळाने दिलेल्या कारणांत पहिले होते ते कथा स्त्रीकेंद्री असल्याचे, आणि त्याला जोडून त्या स्त्रियांच्या कल्पनाविश्वाचे. अपील न्यायाधिकरणाने तो चित्रपट प्रौढांसाठी मोकळा केला. ते न्यायाधिकरण २०२१ मध्ये बरखास्त झाले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते, आणि प्रदर्शनाची तारीख तोंडावर असताना बहुतेक जण त्यापेक्षा कट मान्य करतात.

दोन स्त्रियांचे प्रेम तर कात्रीच्याही पलीकडचे होते. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) महिलाश्रमातल्या दोघींचे नाते येते, पण संस्थेपुढचा पेच म्हणून. दीपा मेहतांचा याच विषयावरचा ‘फायर’ मंडळाने १९९८ मध्ये मंजूर केला. डिसेंबरात मुंबईतल्या थिएटरांवर हल्ले झाल्यावर तो फेरतपासणीला गेला आणि पुन्हा मंजूर होऊन आला.

आतापर्यंतचा सगळा वाद प्रेक्षकाने काय पाहावे याचा होता. कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचे काय, हा प्रश्न २०१७ च्या ‘मी टू’नंतर जोरात पुढे आला. २०१८ मध्ये ‘द ड्यूस’ या अमेरिकन मालिकेवर एचबीओ वाहिनीने अलिशिया रोडिस यांना इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणून नेमले. भारतात आस्था खन्ना या पेशातल्या पहिल्या प्रमाणित व्यक्ती.

काम संहितेपासून सुरू होते. ‘दोघे जवळ येतात’ एवढेच लिहिलेले असेल, तर दिग्दर्शकाला विचारून त्याचे तुकडे पाडतात: कोण पुढे होते, हात कुठे, किती वेळ, कपडे कुठवर, कॅमेरा कुठून. मग प्रत्येक कलाकाराशी वेगळे बोलणे होते. दिग्दर्शक समोर असला की नव्या मुलीच्या तोंडून ‘चालेल’च निघते, म्हणून ते वेगळे. ठरलेले करारपत्राच्या पुरवणीत जाते. तालमीत दृश्य नाचासारखे आकड्यांवर बसवतात. सेटवर गरजेपुरतीच माणसे थांबतात, बाकीचे मॉनिटर बंद, मोबाइल बाहेर. त्वचेच्या रंगाची वस्त्रे, टेप आणि दोन शरीरांमधली पातळ गादी तयार असते. दिव्यांच्या उष्णतेत घामाने टेप सुटते, म्हणून दर एक-दोन टेकनंतर ती तपासतात.

बिघडते ते बहुधा ठरल्यापेक्षा जास्त मागितले की. ‘आता भावना आली आहे, जरा पुढे जाऊ’ असे ऐन वेळी म्हटले जाते, अख्खे युनिट खोळंबलेले असते, आणि नाही म्हणणाऱ्यावर उशिराचे खापर फुटते. दुसरी खोट संकलनात राहते. एका दृश्यासाठी दिलेला शॉट ट्रेलरमध्ये किंवा पोस्टरवर येतो. म्हणून जाणकार कलाकार हल्ली पुरवणीत तीन गोष्टी लिहून घेतात: ऐन वेळी संमती मागे घेता येईल, वाढीव काही हवे असल्यास नवी लेखी संमती लागेल, आणि ही दृश्ये जाहिरातीत वापरण्यापूर्वी आपल्याला दाखवली जातील.